खिडकीसमोरची सात कलमं

"ती पानां पिवळी कित्या दिसतत गो?"

आईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांचा अंबाडा बांधत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. डाव्या अंगावरून वारं गेल्याला त्यांना दीड वर्ष झालं होतं. खाट खिडकीला लावलेली आणि खिडकीतून खालचा मळा दिसायचा. मळ्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात सोनचाफ्याची सात कलमं होती, जेमतेम कमरेएवढी. श्रावणातला शुक्रवार होता आणि चार दिवस पाऊस हटला नव्हता.

"नवी पालवी आहे, आई," मी म्हटलं. "कोवळी पानं लांबून पिवळीच दिसतात."

मी आकडा खोचला, फणी पुसली. मग म्हणाल्या, "चाफ्याखाली वाढलंय मी. माका पालवी शिकवतंस?"

हसूनच म्हणाल्या, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणजे येतं, पण पचत नाही. मी फणी तिथेच टाकली, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली आणि मळ्याकडे सुटले. त्या दिवसातली ही माझी चौथी फेरी होती.

आधी कलमांचं सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल.

आईंचं माहेर माणसुली. तिथे त्यांच्या वडिलांच्या दारात सोनचाफ्याचं जुनं झाड होतं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. धरण होणार, गाव उठणार असं दहा वर्षं नुसतं ऐकत होते आणि मग एका वर्षी खरंच सगळ्यांना निघायचं आलं. माझे सासरे अर्जुन पालव, घरात आणि गावात सगळ्यांचे दाजी, आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी काय केलं, तर चाफ्याच्या रोपांच्या अकरा कुंड्या एसटीच्या टपावर घालून माणसुलीला नेल्या. त्या झाडाच्या फांद्यांना मचाण बांधलं, कुंड्या त्यावर चढवल्या आणि झाडाची एकेक कोवळी फांदी रोपाच्या खोडाला बांधून दोन्ही जिवांची गाठ घालून दिली. मग तीन महिने दर आठ दिवसांनी पहाटेची गाडी धरून जायचे. परत येताना टोपीच्या घडीत चाफ्याचं फूल असायचंच. चाफ्याचं भारी वेड त्यांना. ओटीवर बसले की टोपी काढायची, फूल हुंगायचं, पुन्हा टोपी घालायची. आई खाटेवरून म्हणायच्या, "माका आणलास काय स्वतःकच?" मग टोपीतलं फूल आईंच्या उशाशी जायचं.

अकरांतली सात जुळली. दसऱ्याला ती झाडापासून सोडवून घरी आणली. वैशाखात गाव उठला आणि त्या पावसाळ्यात धरणात पाणी भरू लागलं. म्हणजे ही सात गेली की संपलं, आठवी फांदी आणायला झाड उरणार नव्हतं.

ती लावायची कुठे, यावर घरात वाद झाला नाही. आईंना खिडकीतून दिसतील अशीच लावायची, आणि खिडकीतून दिसत होता फक्त मळा. चिकण माती, पावसात घोटाभर पाणी, भाताला उत्तम. चाफ्याला कसा, हे मला ठाऊक होतं. माझं माहेर वसईकडचं, वाडीतलं. माझे वडील चाफा जमिनीत लावत नसत, जमिनीवर ठेवत. गुडघाभर उंच मातीचा ढीग करायचा, भोवती चर काढायचा आणि झाड त्या ढिगावर बसवायचं. मुळांना ओल हवी पण पाय पाण्यात नकोत, असं ते सांगायचे.

पण मी घरात येऊन दोनच महिने झाले होते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आम्ही मुंबईलाच असायचो. श्रीकांत, माझा नवरा, मस्कतला नोकरीवर गेला आणि आईंचं बघायला मी गावी आले. ज्येष्ठात दाजींनी सात खड्डे घेतले, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, अगदी आंब्याला वरच्या भरडावर, उंचावरच्या कोरड्या जमिनीत घेतात तसे. मी काठावर उभी राहून म्हटलं, "दाजी, इथे खड्ड्यात पाणी..."

त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "चेडवा, चाळीस वर्षां कलमां बांधतंय," म्हणाले. गोड आवाजात म्हणाले, आणि मी मूग गिळून बसले. माझी सगळी चूक तिथे झाली. एवढी बडबडी बाई मी, नको तिथे चार शब्द जास्त बोलणारी, आणि हवं तिथे गप्प राहिले.

तर त्या शुक्रवारी मी मळ्यात पोचले तेव्हा दाजी शेणखताची पाटी घेऊन तिसऱ्या कलमापाशी वाकले होते. पाऊस पडतोय, पायाखाली पाणी आहे आणि झाडांनी उन्हाळ्यात टाकाव्या तशा माना टाकल्या आहेत. पाण्यात उभं राहून झाड तहानेल्यासारखं दिसायला लागलं की समजावं, खाली मुळं कुजताहेत. मी बोट मातीत खुपसून हुंगलं. नासक्या अंड्याचा वास आला.

"दाजी, शेण नका घालू."

"भूक लागली आसतली तेंका. पानां बघ कशी झाली ती."

"भूक नाही, ती बुडताहेत. खड्डा म्हणजे रांजण झालाय नुसता. चिकण मातीत पाणी उतरणार कुठे?"

दाजींनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सरळ भांडले असते. पण त्यांच्या नजरेत भीती होती, आणि सासऱ्याच्या डोळ्यांत भीती बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, बांधावरून भिवा आला. आमच्या लगत त्याची शेती. तो आदल्या दिवशी धरणाकडे जाऊन आला होता. "दाजी," म्हणाला, "माणसुलीचो चाफो बघून इलंय. शेंडो तेवढो पाण्याभायर आसा. दोन दिसात तोव जातलो."

दाजींनी मान हलवली. पाटीतलं उरलेलं शेण तिथेच बांधावर ओतलं आणि घराकडे चालू लागले. मी आपली त्यांच्या मागे.

"आपण ती काढून वर घेऊ या," मी चालता चालता म्हणाले. "ढीग करू, त्यावर बसवू. मी करते, तुम्ही नुसतं हो म्हणा."

"लावलेलां उपटूचां नाय."

"का?"

 त्याचं उत्तर मला रात्री जेवताना आईंनी दिलं, भाताचा घास गिळता गिळता. दाजींच्या वडिलांनी एकदा लावलेलं कलम उपटून दुसरीकडे नेलं होतं, आणि त्याच महिन्यात दाजींची धाकटी बहीण तापाने गेली. पाच वर्षांची होती. तेव्हापासून पालवांच्या घरात एकदा जमिनीत गेलेल्या झाडाला कोणी हात लावला नव्हता. मेलं तर मेलं, जागेवर मरू द्यायचं.

 माझी सगळी हुशारी तिथे संपली. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पाऊस कौलांवर आपटत होता आणि मी मनातल्या मनात सात खड्डे मोजत होते.

शनिवारी सकाळी मी पुन्हा पडवीत दाजींना गाठलं. ते चाकूला धार लावत होते. कलमाचा चाकू, शिंगाच्या मुठीचा. त्या चाकूला घरात कोणी शिवायचं नाही असा नियमच होता. श्रीकांतने लहानपणी त्या चाकूने पेरू कापला म्हणून मार खाल्ला होता.

"दाजी, एक विचारू?"

"इचार."

"आषाढात आपण तरवा काढला. पेरलेलं भात मुळासकट उपटलं, जुड्या बांधल्या, दुसऱ्या कुणग्यात नेऊन लावलं. दर वर्षी काढतो. तेव्हा कुणाला काही झालं?"

दाजींचा हात थांबला. "भात वेगळा."

"भाताला जीव नाही का?"

"झील, सून, सगळी माका शिकवतत," ते पुटपुटले. मग पुन्हा चाकू घासू लागले. मी उभीच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी देवळात कौल लावतंय. देवीन उजवो दिल्यान तर काढू. डावो दिल्यान तर पुन्हा तोंडातून अक्षर काढूचा नाय. मान्य?"

कौल म्हणजे काय हे मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवीला प्रश्न घालतो आणि वाट बघतो. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. लग्नं, घरं, भाऊबंदांच्या वाटण्या, सगळं त्यावर ठरायचं, आणि एकदा पडलेला कौल मोडायची कोणाची छाती नव्हती.

"सोमवारपर्यंत टिकतील का ती?" मी विचारलं.

"देवीच्या मनात आसला तर टिकतीत. मान्य काय, सांग."

"मान्य," मी म्हटलं. काय करणार होते?

रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरात पाऊल ठरेना. आईंना पेज भरवली, दोन घास होताच उठले, मळ्यात गेले, आले, पुन्हा पेज भरवली. आई म्हणाल्या, "तुझ्यान माजी पेज थंड झाली." बसवत नव्हतं म्हणून गोठ्यामागचा जांभ्या दगडाचा चुरा पाट्या भरभरून मळ्याच्या बांधावर नेऊन टाकला. वहाळातली, म्हणजे ओढ्यातली, जाडी रेती आणली. भिवाने विचारलं, "वयनी, ह्यां कशाक?" मी म्हटलं, "असंच." तो शहाणा, पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बांधावर कमरेएवढा ढीग झाला होता. दाजींनी तो येता-जाता बघितला असणारच.

सोमवारी सकाळी दाजी आंघोळ करून, नारळ आणि पानविडा घेऊन निघाले. देऊळ वहाळापलीकडे, साकवावरून जावं लागायचं. साकव म्हणजे झाडाच्या खोडांचा लाकडी पूल, आणि वहाळ तर फुगलेला. उंबरठ्यावर थांबून म्हणाले, "मी येयसर हात लावू नको."

"नाही लावणार."

मी मनापासून म्हटलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन.

दहा वाजले, अकरा वाजले. दाजींचा पत्ता नाही. मी मळ्यात गेले आणि पहिल्या कलमाचं एक पान चाचपलं. चाचपलं एवढंच. कलम सबंध कलंडलं. मी धरायला गेले तर ते हातातच आलं. मुळांची साल ओल्या कागदासारखी सोलून खड्ड्यातच राहिली, हातात नुसता काळा देठ. पाणी बुडबुडत खड्ड्यात परत भरलं.

मी तिथे चिखलात बसले आणि रडले. साधं रडणं नव्हतं ते, रागही होता त्यात. दाजींवर, त्यांच्या वडिलांवर, धरणावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. ज्येष्ठात एक वाक्य पुरं बोलले असते तर.

तेवढ्यात ठण ठण असा आवाज आला. आई खिडकीच्या गजावर तांब्या आपटत होत्या. मी धावत वर गेले. चिखलाने भरलेली तशीच त्यांच्या खाटेशी उभी राहिले.

"मेला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "एक गेलं, आई. बाकीचीही आता फार तर एक दिवस टिकतील. दाजी कौल लावायला गेलेत. मी त्यांना शब्द दिलाय."

आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. वेदना नाही, राग नाही, काही हिशेब चालला असावा असा चेहरा. मग चांगल्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं.

"काढ," म्हणाल्या.

"आई, दाजी..."

"माज्या बापायच्या दारातलां झाड तां. तेंच्या नाय. काढ."

मी पडवीतून फावडं घेतलं. आणि खुंटीवरच्या पिशवीतून तो चाकूही घेतला, कारण कुजलेली मुळं कापायला त्याच्याइतकं धारदार घरात दुसरं काही नव्हतं.  वहाळापलीकडून देवळातली दुपारची घंटा ऐकू आली तेव्हा माझं पहिलं कलम खड्ड्याबाहेर आलं होतं.

एकेक कलम मातीच्या गोळ्यासकट उचलायचं, गोणपाटावर आडवं ठेवायचं, काळी मुळं पांढरी दिसेपर्यंत कापत यायचं. काहींची पांढरी मुळं बोटावर मोजण्याइतकी उरली होती. भिवा बांधावर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "मदत करतोस?" तो म्हणाला, "दाजी माका उभो चिरतीत." तरी गेला नाही. थोड्या वेळाने मला म्हणाला, "चर मी खणतंय. चर खणूक कौल लागणा नाय." आणि त्याने मळ्यापासून वहाळापर्यंत चर खणायला घेतला. त्या एका वाक्यासाठी मी त्याला जन्मभर मानलं.

साडेचारच्या सुमारास दाजी बांधावर दिसले. छत्री मिटलेली, डोकीवरची टोपी भिजून चप्पट. सहा कलमं गोणपाटावर ओळीने पडलेली, सातवं मेलेलं बाजूला, आणि माझ्या हातात त्यांचा चाकू. भिवा चरातच खाली बसला, जणू दिसणारच नाही.

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. "मी शब्द मोडला," एवढंच म्हणाले.

 दाजींनी कलमांकडे बघितलं, मेलेल्याकडे बघितलं. मग मान वळवून वर घराच्या खिडकीकडे बघितलं. आई तिथे होत्याच.  

"कौल?" मी विचारलं. 

"उजवो," दाजी म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. भिवाने चरातून देवीला हात जोडले. दाजी पुढे आले, माझ्या हातातून चाकू घेतला, धोतराला पुसला आणि शेवटच्या कलमापाशी उकिडवे बसले. माझ्या नजरेतून निसटलेलं एक काळं मूळ त्यांनी हलकेच कापलं. मग म्हणाले, "सांग आता. वसयवाले कशी बसयतत?"

मी सांगितलं आणि त्यांनी केलं. चुरा, रेती, वरची भुसभुशीत माती, बैलगाडीच्या चाकाएवढे रुंद आणि गुडघाभर उंच सहा ढीग. कलम ढिगात पुरायचं नाही, वर बसवायचं आणि बाजूने माती ओढायची. दाजींनी एकेक कलम तान्ह्या पोराला पाळण्यात घालावं तसं बसवलं. अंधार पडायच्या आत चर वहाळाला जोडला. तुंबलेलं पाणी चरातून धावत सुटलं आणि आमचा कोपरा मळ्यात पहिल्यांदा पाण्याबाहेर आला. आईंनी वरून तांब्या वाजवला, दोनदा.

सहांतली पाच जगली.

तिसऱ्या वर्षी चैत्रात पहिलं फूल आलं. दाजींनी ते पहाटे काढलं आणि केळीच्या पानात गुंडाळून कुठेतरी घेऊन गेले. मला वाटलं, गावभर मिरवायला नेलं असेल. दुसऱ्या दिवशीचं फूल आईंच्या उशाशी आलं. आईंनी ते नाकाशी धरलं आणि खूप वेळ डोळे मिटून पडल्या. मग म्हणाल्या, "तोच." त्या पुढे आठ वर्षं जगल्या आणि आठही वर्षं त्यांच्या उशाशी फूल होतं.

पण दाजींची टोपी रिकामी असायची.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. एवढं वेड असलेला माणूस, त्याने त्या झाडांचं एक फूल कधी हुंगलं नाही. बहर आला की मळ्याकडे जाताना पंचा नाकाला लावायचे. झाडांचं सगळं करायचे, चर उपसायचे, ढिगांना माती चढवायचे, पण सावलीत म्हणून कधी टेकले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "दाजी, अजून राग आहे का माझ्यावर? शब्द मोडला म्हणून?"

"राग कसलो? वास उग्र हा तेचो. डोक्यात जाता."

मी मनात म्हटलं, हा राग आहे. देवीने परवानगी दिली तरी सुनेने थांबायला हवं होतं, हे त्यांच्या मनातून गेलेलं नाही. आणि मग मीही हट्टाने तो विषय पुन्हा काढला नाही. आमचं चांगलं होतं, वाईट काही नाही. पण दर चैत्रात तो पंचा मला दिसायचाच.

दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेले त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. देवळातला सखाराम गुरव काठी टेकत घरी आला. पार थकला होता, देवळाचं काम मुलाकडे दिलेलं. मी चहा केला. तो ओटीवरून मळ्याकडे बघत म्हणाला, "फुलां लागली मां? पयला फुल देवीक धाडलंस नाय तू. अर्जुन दर वर्साक आणून देय."

"पहिलं फूल? देवळात?"

"मगे? खय न्हेय असा वाटला तुका?" त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "कबूल केललां तेणा. त्या कौलाच्या दिसा."

"हो, कौल उजवा पडला म्हणून."

सखारामने बशी खाली ठेवली. माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले.

"उजवो खयचो? डावो पडलो. तीनदा लावलंय मी. तीनय खेपेक डावो. मी म्हटलंय, अर्जुना, झाला, घराक जा. तर तो उठलोच नाय. देवीसमोर बसलो आणि सांगूक लागलो. म्हणालो, आई, मी ती झाडां काढतलंय. दोष होयत तो माज्या एकट्याच्या माथ्यार घाल. पयला फुल तुजा. तेच्यातला एकव फुल मी हुंगूचंय नाय, सावलेक बसूचंय नाय. पण माज्या घरातल्या त्या दोघींका काय करू नको."

 मी विचारलं ते भलतंच. "हे त्यांनी कधी म्हटलं? मी झाडं काढली ते बघून पुन्हा आले होते का देवळात?"

"नाय गो. थयच, तेवाच. दुपारची घंटा मारूक मी उठलंय, तेवा तो अजून हात जोडून बसललो." सखाराम बशी उचलत म्हणाला, "मगे चार वाजेपर्यंत सभामंडपात नुसतो बसान होतो. धीर गोळा करी होतो की काय, देवीक ठावक."

तो गेल्यावर मी आत आले. म्हणजे मी झाडं काढली हे कळायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं. ते मळ्यात आले ते मला अडवायला नव्हे, माझ्यासारखंच फावडं घ्यायला आले होते. आणि मी एकोणीस वर्षं त्या पंचाला राग समजत राहिले. विचारलं तेव्हाही सांगितलं नाही त्यांनी. सांगितलं असतं तर डाव्या कौलाची भीती माझ्या वाट्याला आली असती. घरात कोणाला साधा ताप आला तरी मी त्या दिवसाकडे बोट दाखवलं असतं. आणि तापाचे दिवस काय थोडे आले? श्रीकांतला मस्कतला कावीळ झाली तेव्हा दाजी आठ दिवस जेवले नव्हते. मला वाटलं होतं, बापाची माया.

मी मळ्यात गेले. पाचही झाडं भरली होती, वरच्या फांद्यांना हात पोचत नाही एवढी उंच. पहिलं फूल काढलं आणि केळीच्या पानात बांधून ठेवलं, देवीसाठी. मग दुसरं काढलं.

दाजींची टोपी पडवीत खुंटीवर तशीच होती. ती मी उतरवली, धूळ झटकली आणि घडीत फूल खोचलं, ते खोचायचे तसं, उजव्या बाजूला. टोपी पुन्हा खुंटीला लावली.

"आता हुंगा, दाजी," मी म्हटलं. "आता काही होत नाही कोणाला."